सर्दीवाल्याची पोर

माझ्या बाबांना उत्तमराव असं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते रेशनकार्डावर आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर तेवढं राहिलं. सेलू गाव त्यांना सर्दीवाला म्हणायचं. कोणी चिडवायला म्हणत नसे. दूधवाला, भांडेवाला म्हणावं तसंच ते होतं आणि बाबाही त्या नावाला सहज ओ देत. त्याचं कारण त्यांची हातगाडी. दिवाळी सरली की गाडीवर जांब यायचे, बाहेरचे लोक ज्याला पेरू म्हणतात ते. थंडी वाढली की संत्री, मग बोरं, मग मीठ-तिखट लावलेली हिरवी चिंच. होळीच्या आसपास ऊन तापायला लागलं की बर्फाचा गोळा सुरू व्हायचा तो थेट मृगापर्यंत, आणि पावसाळ्यात आजूबाजूच्या मळ्यांतली केळी. म्हणजे जे जे खाल्लं की सर्दी होते असं आमच्या भागातली प्रत्येक आई आपल्या लेकराला बजावून सांगायची, ते सगळं बाबांच्या गाडीवर वर्षभर ओळीनं येऊन जायचं. बाबा ते विकायचे आणि लेकरं ते आयांच्या नजरा चुकवून खायची.

आमचं घर म्हणजे बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत गाडी उभी असायची. उन्हाळ्याचे दिवस आठवले की मला आधी लाकडाच्या भुशाचा ओलसर वास येतो. बर्फाची लादी वर्ध्याहून पहिल्या बसनं यायची. बसच्या टपावर, बारदान्यात गुंडाळलेली, भुशात पुरलेली. येता येता ती वितळायची आणि खिडकीशी बसलेल्यांच्या खांद्यावर थेंब पडायचे. कंडक्टर रोज बाबांवर करवादायचा आणि रोज एक गोळा फुकट खायचा. बाबा लादी खांद्यावर घेऊन घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याची एक बाजू ओली असायची. मग टोच्यानं लादी फोडल्याचा आवाज, आणि दुपारी शाळेसमोर उलट्या रंध्यावर बर्फ किसल्याचा खर्र खर्र आवाज. तो आवाज मला आजही पाण्याच्या आवाजापेक्षा जास्त गार वाटतो.

पाक आई करायची. चुलीवर मोठं पातेलं, त्यात साखर विरघळत यायची, आई त्यात लिंबू पिळून मळी काढायची आणि पाक गार झाला की रंग आणि वास घालायची. गुलाबाचा लाल, खसाचा हिरवा आणि लिंबाचा बिनरंगी, ज्यात काळं मीठ असायचं. गुलाबाचा वास केसांना लागायचा आणि संध्याकाळी चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, खातानाही तो नाकात असायचा. माझी धाकटी बहीण बेबी पातेल्याच्या कडेला वाळलेला पाक नखानं खरवडून खायची. ती तेव्हा तिसरीत, गावातल्या दुसऱ्या टोकाच्या प्राथमिक शाळेत होती आणि मी हायस्कुलात सातवीत.

लोकांना वाटायचं, हा माणूस दिवसभर बर्फ विकतो म्हणजे याचा त्या सर्दीबिर्दीच्या गोष्टींवर विश्वास नसणार. उलट बाबांचा त्यावर आईपेक्षाही जास्त विश्वास होता. गोळ्याच्या गाडीमागं उभं राहून ते गिऱ्हाईकाला सांगायचे, "उन्हातून आला ना बे? मंग आधी सावलीत बस जरा. घाम जिरू दे. मंग देतो." कोणी शिंकलं तर त्याला परत पाठवायचे. मला न्हाल्यावर केस वाळेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाहीत. आईच्या मतानं सर्दी ओल्या केसांतून डोक्यात शिरते, बाबांच्या मतानं ती तळपायातून वर चढते, आणि शेजारच्या गयाबाईच्या मतानं पाणी बदललं की होते, म्हणून ती लेकीकडं नागपूरला जाताना घरचं पाणी बाटलीत भरून न्यायची. या तिन्ही मतांचं एकमेकांशी कधी भांडण झालं नाही. नाक वाहायला लागलं की तिन्ही मतं एकत्र यायची आणि पहिला प्रश्न एकच असायचा, "का खाल्लं होतं?" म्हणजे काय खाल्लं होतं.

हा प्रश्न गावातल्या प्रत्येक घरात विचारला जायचा. ताप आला तर बिचारं लेकरू, पोट दुखलं तर बिचारं लेकरू, पण सर्दी झाली की ते लेकरू आरोपी. त्यामुळे आम्ही पोरं नाक वर ओढून, बाहीला पुसून, श्वास रोखून दोन दोन दिवस सर्दी लपवायचो. आता वाटतं, आपण ती लपवत नव्हतो, एकमेकांना वाटत होतो. पण तेव्हा एवढं कुठलं कळायला.

खोटं कशाला सांगू, इतकी वर्षं वर्ध्याच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासण्यात घालवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लावून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, तरी परवा नातवानं खोकला असताना बोरं खायला घेतली तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी त्याच्या मुठीतून बोरं काढून घेतली. तो म्हणाला, "आजी, तूच तर सांगितलं होतं, सर्दी बोरांनी होत नाही." मी म्हटलं, "हो रे, पण आत्ता नको." लहानपणी जे हाडात बसतं ते मोठेपणी वाचलेल्या पुस्तकांना फारसं भीत नाही.

तर त्या वर्षीची गोष्ट. होळी व्हायची होती, सकाळची शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि बाबांनी सोमवारी पहिल्यांदा गोळ्याची गाडी लावली. शाळेच्या फाटकासमोर, नेहमीच्या जागी. मी शाळा सुटली की त्यांच्या मदतीला उभी राहायची, काड्या पुसून द्यायची, पाकाच्या बाटल्या उघडायची. त्यामुळे कोण येतं, कोण येत नाही, कोणाला लाल हवा, कोण चोखून परत रंग मागतो, हे मला पाठ होतं. आणि त्याच आठवड्यात शाळेत सर्दी सुरू झाली. बुधवारी आमच्या वर्गात तीन-चार पोरी शिंकत होत्या. शुक्रवारी अर्धा वर्ग. पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी "शांत उभे राहा" म्हटल्यावर सगळ्या मैदानात नाकं ओढल्याचा आवाज आला.

मंगळवारी दुपारी कुमुदची आई गाडीशी आली. कुमुद माझ्या वर्गातली, पहिल्या बाकावरची, वेण्यांना कायम पांढऱ्या रिबिनी लावणारी. तिच्या आईनं पदर घट्ट धरला होता आणि आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"भाऊ, तुमाले लेकरं हायेत ना?" ती म्हणाली.

"हायेत बाई. हे काय, एक इथंच उभी हाय," बाबा म्हणाले.

"मंग दुसऱ्याच्या लेकराची दया येऊ द्या थोडी. माह्या पोरीचा श्वास कोंडून राह्यला. सहा दिवस झाले, घास गिळत नाई. तुमचा बरफ खाऊन."

बाबांनी रंधा खाली ठेवला. ओले हात सदऱ्याला पुसले. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, कारण कुमुदनं कधीच गोळा घेतला नव्हता. तिला घरून सक्त मनाई होती. सुट्टीत ती गाडीपासून दहा पावलं लांब उभी राहून दुसऱ्यांचे गोळे बघायची. पण बाबा एवढंच म्हणाले, "चुकलं बाई." आणि मान खाली घालून उभे राहिले. बाई निघून गेली. समोर गोळ्यासाठी उभी असलेली पोरंही एकेक करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी चपराशाकरवी निरोप पाठवला. फाटकासमोर बर्फाची गाडी उभी करायची नाही. आमचे हेडमास्तर उंच, कडक, पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यातले. सातवीला इंग्रजी स्वतः शिकवायचे. त्यांच्या शिस्तीला गाव मान द्यायचं, बाबा तर जास्तच. निरोप ऐकल्यावर बाबांनी तिथल्या तिथं गाडी वळवली आणि बसस्टँडवर नेली. "गोलाऽऽ, थंडा गोला" अशी त्यांची आरोळी असायची, ती त्या दिवशी त्यांनी दिली नाही. गिऱ्हाईक आलं तर द्यायचे, नाहीतर बारदान्याखाली वितळणाऱ्या लादीकडं बघत उभे राहायचे.

संध्याकाळी जेवायला बसलो. आईनं भाकरी वाढली, चून वाढलं, वर कच्चं तेल घातलं. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "हिंगणघाटले जातो म्हणतो मी. तुह्या भावानं मांगं म्हटलं होतं, जिनात गाठी उचलाले माणूस पायजे म्हणून. रविवारच्या बसनं जातो. पंधरा दिवसांनी येत जाईन."

आई तवा उतरवत होती. ती थांबली. "काऊन? स्टँडवर चालते ना गाडी?"

"चालते. पण लेकरायले बिमार पाडून पोट भरनं मले पटत नाई. मास्तर काही खोटं बोलणारा माणूस नाई."

"इतके दिवस पटलं ते?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "इतके दिवस कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं."

आईनं तवा खाली ठेवला. मामाच्या जिनातलं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातलं, काम मी पाहिलं होतं. सरकीचा आणि कापसाचा बारीक कचरा उडत असायचा, मामा वर्षभर खोकायचा. पण मला त्यापेक्षा वेगळीच भीती वाटली. बाबांशिवाय आमची पडवी कशी दिसेल ते डोळ्यांपुढं आलं. सकाळी ओल्या सदऱ्यानं येणारा माणूस नाही, लादी फोडल्याचा आवाज नाही, आणि आई एकटी चुलीपुढं, पातेलं पालथं घातलेलं. बाबांना गाडीवर उभं राहायला आवडायचं. लेकरांशी ते दिवसभर बोलायचे, त्यांच्या बहिणींची नावं, त्यांच्या गाईंची नावं त्यांना ठाऊक असायची. गाठी उचलायला माणूस कोणीही चालला असता.

गुरुवारी शाळेत कुमुद आली. नाक लाल, डोळे लाल. ती माझ्याशी बोलणार नाही असं मला वाटलं होतं, पण मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या माठाजवळ माझ्याकडे आली आणि रडायलाच लागली. "मी खाल्लाच नव्हता गं शशी. आई म्हणे, खोटं बोलून राह्यली तू. दोन थापडा मारल्या. देवाशपथ सांगितलं तरी ऐकत नाई."

"मला माहीत आहे, तू नाही खाल्ला ते," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की मग हिला सर्दी झाली कशी? केस तर ती रविवारशिवाय धूत नाही. चपला घालते. पाणी बदललेलं नाही. आणि आमच्या बेबीनं आठवडाभरात सगळ्या गावापेक्षा जास्त बर्फ खाल्ला होता, गाडी धुताना उरलेले तुकडेसुद्धा, आणि ती खडखडीत होती.

आम्हाला विज्ञान शिकवायला मेश्राम बाई होत्या. त्याच वर्षी नागपूरहून आलेल्या, तरुण, सायकलवर येणाऱ्या. त्या दिवशी शेवटच्या तासाला त्या बोलत असताना दर दोन वाक्यांना कोणीतरी शिंकत होतं, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं की सर्दी एका फार बारीक जंतूनं होते, आणि तो एकाच्या नाकातून हातावर, हातावरून दुसऱ्याच्या हातावर आणि मग त्याच्या नाकात जातो. सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "अन् बाई, बरफ?"

"बरफ थंड असतो," बाई म्हणाल्या. "तेवढंच."

शाळा सुटल्यावर मी आणि कुमुद त्यांच्या सायकलीशी उभ्या राहिलो. मी त्यांना सगळं सांगितलं, बाबा रविवारी जाणार आहेत तेही. बाईंनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी पिशवीतून एक अर्धी वही काढली. "कोणाचं नाक कोणत्या दिवशी वाहायला लागलं, तेवढं विचार आणि लिही. तुला काय वाटतं ते लिहू नको. जे सांगतील ते लिही."

शुक्रवारी सकाळी शाळा भरण्याआधी आणि मधल्या सुट्टीत आम्ही दोघी वर्गावर्गांतून फिरलो. आधी मी "काय खाल्लं होतं" असंही विचारत होते, पण तो प्रश्न कानावर पडला की प्रत्येक पोर सवयीनं म्हणायचं, "काहीच नाही." शेवटी तो सोडून दिला. गोळा कोणी खाल्ला आणि कोणी नाही हे मला कोणाला विचारायची गरजच नव्हती. नावापुढं मीच खूण करत गेले. आमच्या वर्गात सर्दी झालेली अठरा जणं निघाली. त्यातल्या अकरा जणांनी त्या वर्षी बाबांच्या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. आणि रोज दोन दोन गोळे खाणारा मागच्या बाकावरचा रमेश ठणठणीत होता, कारण तो गाडीपर्यंत रोज यायचा, वर्गात क्वचित.

पण खरी गंमत दिवस लिहिल्यावर दिसली. सगळ्यात आधी सातवी. सातवीत सगळ्यात आधी पहिला बाक, बुधवारी. मग दुसरा, तिसरा. मग सातवीतल्यांचे धाकटे भाऊ-बहीण होते ते पाचवी-सहावीचे वर्ग. मी वहीकडं बघत बसले. पहिल्या बाकाला कोणाकडून आली? कुमुद बोटांवर दिवस मोजत होती. मग हळूच म्हणाली, "मागच्या सोमवारी शुद्धलेखन झालं होतं."

बाबांनी पहिल्यांदा गाडी लावली त्याच सोमवारी इंग्रजीचं शुद्धलेखन झालं होतं. हेडमास्तर आदल्या शनिवारी परीक्षेच्या बैठकीसाठी वर्ध्याला गेले होते आणि सोमवारी त्यांच्या हातात रुमाल होता. एकेकीला टेबलाशी बोलवून ते वही तपासत होते. नाक पुसायचं, जिभेला बोट लावायचं, पान उलटायचं, लाल खूण करायची, वही परत द्यायची. ते नेहमीच बोट जिभेला लावून पान उलटायचे. पहिल्या बाकापासून सुरुवात करून तिसऱ्या बाकापर्यंत वह्या झाल्या होत्या आणि घंटा वाजली होती. मला ते सगळं लख्ख दिसलं. हेडमास्तरांचं नाव वहीत कसं लिहायचं?

बाईंनी यादी पाहिली. "आणि याच्या आधी कोण?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघी जमिनीकडं बघत राहिलो. "माहीत असून लिहिलं नाही, तर यादी अपुरी राहील," त्या म्हणाल्या. शेवटी मी शिसपेन्सिलीनं, पुसता येईल अशा बेतानं, सगळ्यात वर लिहिलं, "हेडमास्तर सर, सोमवार."

शनिवारी शाळा लवकर सुटायची. सुटल्यावर बाई मला हेडमास्तरांच्या खोलीत घेऊन गेल्या. कुमुद दाराबाहेर थांबली. सर खुर्चीत बसले होते, रुमाल अजून टेबलावर होता. बाईंनी वही पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "सर, या मुलीनं एक काम केलंय. ते तिच्याकडूनच ऐका." आणि त्या चक्क बाजूला सरकल्या. मला आजही त्यांचं आश्चर्य वाटतं. नवी नोकरी, कडक हेडमास्तर, आणि समोर बर्फवाल्याची सातवीतली पोर.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. कुमुदला मिळालेल्या दोन थापडा सांगितल्या, रमेश सांगितला, बाक सांगितले. उद्याच्या बसचंही सांगितलं. वर लिहिलेलं नाव मात्र मी वाचलं नाही. सर वाचत होते. त्यांचं बोट हळूहळू खालून वर सरकत गेलं आणि वरच्या ओळीवर थांबलं.

"हे चूक आहे," सर म्हणाले.

सरांनी खिशातून लाल पेन काढलं, 'सोमवार' वर रेघ मारली आणि त्याच्यापुढं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'रविवार'. "रविवारी संध्याकाळीच माझं नाक वाहायला लागलं होतं," ते म्हणाले. "वर्ध्याच्या बैठकीत माझ्या शेजारचे गृहस्थ सारखे शिंकत होते. मला वाटलं, तिथं पंख्याखाली बसलो म्हणून झाली." मग त्यांनी वही बंद केली, टेबलावर आपलंच बोट उलटसुलट करून पाहिलं आणि ते धोतराला पुसलं. "तुझे वडील कुठं असतील आत्ता?"

बाबा बसस्टँडवरच होते. शेवटची लादी संपत आली होती, ती संपली की गाडी धुऊन पडवीत लावायची म्हणून उभे होते. हेडमास्तर भर दुपारी पायी स्टँडवर येताना पाहून पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. बाबांनी डोक्याचा रुमाल काढला.

"उत्तमराव, उद्या कुठं जायचं नाही," सर म्हणाले. "सोमवारपासून शाळेशी गाडी लावा. फाटकासमोर नको, तिथं गर्दी होते. बाजूच्या कडुलिंबाखाली उभे राहा, सावलीही आहे. मी तुम्हाला उगाच हलवलं."

बाबा गोंधळले. "पण सर, लेकरं बिमार पडून राह्यली..."

"ती तुमच्या बर्फानं नाही पडली. माझ्यामुळं पडली. तुमच्या मुलीनं लिहून काढलंय सगळं."

बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी सरांच्या खिशातून काही चोरलं होतं. "शशे, का केलं तू? सरांचं नाव लिवलं?" मग सरांकडं वळून हात जोडले. "लेकरू हाय सर. तुमी मनावर नका घेऊ. तुमच्यानं कशी होईन सर्दी कोणाले?"

सर हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "ते सोडा. एक गोळा द्या बरं. हिरवा."

पानठेल्यावरचे लोक जवळ सरकले होते. बाबांनी रंध्यावर हात ठेवला, सरांच्या हातातल्या रुमालाकडं पाहिलं, लाल नाकाकडं पाहिलं आणि हात परत उचलला. "सर, माफी करा. पण तुमाले सर्दी हाय. मी नाई देत."

"अहो, पण मी आत्ताच तुम्हाला सांगितलं..."

"तुमी सांगतलं ते बराबरच असन. तुमी शिकलेले, पोरगीबी शिकून राह्यली. पण नाक वाहते त्याले मी बरफ देत नाई. सर्दी गेली का येजो... या सर. फुकट देईन."

घाबरून त्यांच्या तोंडून पोरांना म्हणायचं 'येजो' गेलं आणि लगेच 'या' झालं, तेवढ्यावरून लोक हसले. सरही हसले आणि रुमालानं नाक पुसत शाळेकडं परत गेले. घरी आल्यावर बाबांनी आईला सगळं सांगितलं. आईनं मामाकडं न्यायला बांधलेलं शिदोरीचं फडकं सोडलं, भाकरी परत टोपल्यात ठेवल्या, आणि चुलीवर साखरेचं पातेलं चढवलं. लिंबू पिळता पिळता ती मला म्हणाली, "शशे, कुमुदले सांगजो, सोमवारी येजो म्हणा गाडीवर. तिच्या मायले मी पाह्यतो." आणि ती खरंच संध्याकाळी कुमुदच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते कळलं नाही, पण कुमुदला पुढच्या आठवड्यापासून आठवड्याला एक गोळा मंजूर झाला. लाल. तिनं तो इतका हळू खाल्ला की अर्धा हातावरच वितळला.

सर्दीनं आमच्याही घराला एकदाची गाठलं. आधी मला, मग माझ्यावरून बेबीला. आईनं ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी केली, आलं-गवती चहा उकळला, आणि बेबीला विचारलं, "का खाल्लं होतं?" मी म्हटलं, "माझं उष्टं." आईनं जरा विचार केला आणि पहिल्यांदाच पुरचुंडी माझ्या हातात दिली, तूच दिली तर तूच शेक तिला म्हणून.

हेडमास्तर त्यानंतर चार दिवसांनी लिंबाखाली आले. आधी त्यांनी बाबांसमोर दोन मोठे श्वास नाकानं घेऊन दाखवले. बाबांनी खसाचा गोळा केला, दोनदा पाक घातला. सरांनी तो उभ्यानं खाल्ला, मिशीला हिरवा रंग लागला, सदऱ्यावर एक थेंब पडला, आणि सगळी शाळा खिडक्यांतून बघत होती. बाबांनी मात्र त्यानंतर तीन दिवस झोप घेतली नाही म्हणायला हरकत नाही. रोज प्रार्थनेच्या वेळेला ते गाडी सोडून शाळेच्या कुंपणाशी जायचे आणि सर शिंकतात का ते बघत उभे राहायचे. सर शिंकले नाहीत. चौथ्या दिवशी बाबा निवांत घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "मास्तर लय मजबूत माणूस हाय."